उंदीर घरचा, मांजर पाहुणं

प्रश्न थोडक्यात असा: घरात मांजराचं पिल्लू आलंय, मुलगी रशियन शिकतेय, आणि त्यावरून जेवणाच्या टेबलावर वाद सुरू आहे. रशियनमधला 'कोश्का' हा शब्द संस्कृतातून गेला आहे का? स्लाव लोकांत, म्हणजे रशियन, पोलिश, चेक, सर्ब वगैरेंत, मांजर हे वेलेस देवाचं पवित्र जनावर होतं असं एका व्हिडिओत सांगितलं, ते खरं का? काळं मांजर त्यांच्याकडेही आडवं जातं का? आणि शेवटी, पिल्लाला एखादं अस्सल स्लाव नाव सुचवा.

मी पुण्यात तीसेक वर्षं रशियन शिकवते, अधूनमधून अनुवाद करते, आणि माझ्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी पहिला प्रश्न विचारतंच. त्याचं उत्तर मी नेहमी उंदरापासून सुरू करते.

रशियनमध्ये उंदराला 'मिश' म्हणतात. पोलिश आणि चेक भाषांतही जवळपास तसंच. लॅटिनमध्ये 'मूस', संस्कृतात 'मूष', ज्यावरून आपला मूषक आला. हे सगळे एकाच आजोळचे शब्द. कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत, हजारो वर्षांपूर्वीच्या एका मूळ भाषेतून ते दोन्हीकडे वारशाने आले आहेत. 'त्रि' आणि 'त्री', 'अग्नी' आणि 'अगोन', 'उदक' आणि 'वदा' यांच्या पंक्तीला उंदीर बसतो. त्यामुळे रशियन शिकणाऱ्या मराठी मुलांना वाटतं, उंदीर सापडला म्हणजे मागोमाग मांजर येणारच.

ते येत नाही. धान्याची कोठारं झाली तेव्हापासून उंदीर माणसाच्या घरात आहे, मांजर उत्तर युरोपात फार उशिरा पोचलं. ते माणसाळलं पश्चिम आशियात आणि इजिप्तकडे. रोमन लोकांबरोबर ते युरोपभर फिरलं आणि स्लाव वस्त्यांपर्यंत आलं ते त्याच सुमारास आणि त्यानंतर. आलं तेव्हा स्वतःचं नाव बरोबर घेऊन आलं. अभिजात लॅटिनमध्ये मांजरासाठी 'फेलेस' हा जुना शब्द होता. पुढे 'कात्तुस' असा नवा शब्द रूढ झाला. शेतीवर लिहिणारा पाल्लादियुस हा उत्तरकालीन रोमन लेखक भाजीच्या वाफ्यांत चिचुंदरीसारखे बिळं करणारे प्राणी पकडायला मांजरं ठेवावीत असं सांगतो, तिथे तो हाच शब्द वापरतो. त्यावरून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन, इंग्रजी, लिथुआनियन अशा कितीतरी भाषांतले मांजराचे शब्द तयार झाले. स्लाव भाषांतला 'कोत' हाही त्यातलाच. तो थेट लॅटिनमधून आला की जर्मॅनिक शेजाऱ्यांच्या हातून, यावर व्युत्पत्तिकार अजून भांडतात, पण बाहेरून आला याबद्दल फारसं दुमत नाही.

आपल्या 'मांजर'चा रस्ता अगदीच वेगळा. संस्कृत 'मार्जार', त्याच्या मुळाशी 'मृज्' धातू, म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. 'मार्जन' त्यातूनच येतं. सतत अंग पुसत बसणारं जनावर म्हणून मार्जार. तेव्हा 'कोश्का'चं 'मांजर'शी नातं नाही. पण एक गंमत आहे, ती पुढे येईलच: आपल्या पूर्वजांनी मांजराच्या ज्या सवयीवरून त्याचं नाव ठेवलं, त्याच सवयीवरून स्लाव लोकांनी शकुन बांधला.

आता 'कोत'पासून 'कोश्का' कसं झालं ते पाहू. 'कोत' म्हणजे बोका, 'कोश्का' म्हणजे मांजरी, आणि रशियनमध्ये एकूण मांजर या जातीचं नावही तेच. मूळ 'कोत'ला लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लागला आणि 'त'चा 'च' झाला. चेक भाषेत तो 'च' आजही शाबूत आहे, तिथे मांजर म्हणजे 'कोच्का'. रशियनमध्ये 'च'पुढे काही व्यंजनं आली की त्याचा 'श' होण्याची खोड आहे. 'अर्थातच' या अर्थाचा शब्द लिहितात 'कोनेच्नो' आणि म्हणतात 'कनेश्न', तसंच इथेही. म्हणजे 'कोश्का' हे मुळात लाडाचं रूप. आपण सगळ्यांनी 'मांजर' हा शब्द टाकून फक्त 'माऊ' ठेवला असता तर जे झालं असतं, ते रशियनमध्ये झालं.

पोलिशमध्ये मात्र जातीचं नाव पुल्लिंगीच राहिलं, 'कोत'. युक्रेनियनमध्ये 'कीत' आणि 'किश्का'.

खरी मजा दक्षिणेकडे आहे. सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेन, मॅसिडोनियन या भाषांत मांजर म्हणजे 'माच्का'. स्लोवाकमध्येही 'माच्का'. चेकांची राजधानी प्राग आणि स्लोवाकांची ब्रातिस्लावा 1992 च्या अखेरीपर्यंत एकाच देशात होत्या, दोन्हीकडची माणसं एकमेकांचं बोलणं दुभाष्याशिवाय समजतात, पण एकीकडे 'कोच्का' आणि दुसरीकडे 'माच्का'. मधे हंगेरी आहे. हंगेरियन ही मुळात स्लाव भाषा नाहीच, पण तिनेही मांजरासाठी 'मॉच्को' असा उच्चार असलेला शब्द स्लाव शेजाऱ्यांकडून उचलला. हा 'माच्का' आला कुठून? सर्वांत सरळ उत्तर म्हणजे हाकेतून. मांजराला बोलावताना 'मात्स-मात्स' म्हणायचे, त्या हाकेचंच नाव झालं. काहींनी ते 'मारिया' या नावाच्या लाडक्या रूपाशी जोडलंय. मला हाकेची बाजू जास्त पटते, कारण मांजराच्या बाबतीत हाक नेहमीच नावाच्या पुढे धावते. आपण तरी काय करतो? 'मने, ये ये' म्हणत म्हणत घराघरातली निम्मी मांजरं मनी होऊन बसली आहेत.

हाकांवरून आठवलं. रशियन माणूस मांजराला 'किस-किस' म्हणून बोलावतो, पोलिश 'किचि-किचि', चेक 'चिचि'. हाकलताना रशियन 'ब्रिस!' म्हणतो, पोलिश 'अ प्सिक!' मॉस्कोत पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा जिन्यातल्या मांजराला मी आपलं 'ये माऊ, ये' करत होते. शेजारच्या आजी दार उघडून म्हणाल्या, "अगं, ते रशियन आहे, त्याला तुझं कळत नाही." आणि खरंच, त्यांच्या 'किस-किस'वर ते शेपूट उभारून गेलं. त्यांच्या हातात माशाचं डोकं होतं हा भाग वेगळा.

विद्यार्थ्यांना एक सावधगिरीची सूचना मी नेहमी देते: 'कोश' किंवा 'कोत'ने सुरू होणारा प्रत्येक शब्द मांजराचा नसतो. 'कश्मार' म्हणजे भयानक स्वप्न, पण त्यात मांजर कुठेच नाही, तो फ्रेंचमधून आला. एका मुलीने परीक्षेत त्याचं भाषांतर 'मांजरीचं स्वप्न' असं केलं होतं. मी तिला अर्धा गुण दिला, कल्पनेबद्दल. 'कशेल्योक' म्हणजे पैशाचं पाकीट, ते टोपलीच्या जुन्या शब्दावरून. 'कत्योल' म्हणजे कढई किंवा पातेलं, तेही दुसऱ्याच घराण्यातलं. 'कतावासिया' म्हणजे गोंधळ, तो चर्चच्या गायनातला ग्रीक शब्द. पण गंमत म्हणून रशियन लोकच तो 'कोत' या शब्दाशी जुळवून लिहितात, जणू गोंधळ बोक्यानेच घातला.

उलट, जिथे मांजर दिसत नाही तिथे ते असतं. पोलिशमध्ये नांगर, म्हणजे जहाजाचा नांगर, 'कोत्वित्सा'. चेकमध्ये 'कोत्वा'. नखं रोवून धरणारं म्हणून तो शब्द बहुधा मांजरावरूनच झाला. रशियनमध्ये लहान नांगराला आजही सरळ 'कोश्का' म्हणतात, आणि बर्फाचे कडे चढणारे गिर्यारोहक बुटांना जे लोखंडी दात बांधतात त्यांना 'कोश्की'. पोलंडच्या शिकाऱ्यांच्या बोलीत 'कोत' म्हणजे चक्क ससा. आणि 'कोत'वरूनच झालेलं वाटणारं एक क्रियापद शेळी-मेंढीच्या विण्यासाठीही वापरतात, रशियनमध्ये आणि पोलिशमध्येही. काहींनी त्यावरून त्याचं नातं लॅटिनमधल्या पिल्लाच्या एका शब्दाशी लावलं. मला विचाराल तर मांजर इतकं सारखं वितं की त्याचं क्रियापद शेजारच्या गोठ्यात जायला फार वेळ लागला नसेल.

आणि एक मांजर तर थेट गादीवर बसलं. चौदाव्या शतकात मॉस्कोच्या दरबारात आंद्रेय कोबिला नावाचा सरदार होता. 'कोबिला' म्हणजे घोडी. त्याच्या मुलाचं टोपणनाव 'कोश्का'. हा फ्योदोर कोश्का मॉस्कोचा राजा दिमित्री दोन्स्कोय याच्या काळातला. त्याच्या वंशजांना आधी कोश्किन म्हणत, पुढे पिढीगणिक आडनावं बदलत गेली आणि शेवटी रोमानोव्ह झाली. 1613 ते 1917 रशियावर राज्य करणारं घराणं घोडीच्या पोटच्या मांजराचं, असं मी वर्गात सांगते तेव्हा झोपलेली मुलंही जागी होतात.

आता वेलेसचं. व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण असे बरेच फिरतात. वेलेस किंवा वोलोस हा देव खरा. रुस, म्हणजे पूर्व स्लावांचं जुनं राज्य, आणि बायझंटाइन साम्राज्य यांच्यातल्या करारांच्या हकिकतीत, 907 आणि 971 या वर्षांखाली, जुन्या इतिवृत्तात त्याचं नाव येतं आणि त्याला 'गुराढोरांचा देव' म्हटलंय. गुरंढोरं म्हणजे गाई, घोडे, म्हणजे संपत्ती. मांजराचं तिथे नाव नाही. मांजरांनी ओढलेल्या रथातून फिरणारी देवी आहे, पण ती स्कँडिनेव्हियातली फ्रेया. बहुतेक वेळा कुणीतरी तिचा रथ जोडून वेलेसच्या दारात उभा केलेला असतो.

तेव्हा स्लाव लोकांत मांजरामागे देव नाही. आणि शब्दाची गोष्ट लक्षात घेतली तर ते नवलाचंही नाही. जुने देव आपापली जनावरं घेऊन बसले होते, बैल, घोडा, अस्वल, लांडगा. मांजर आलं तेव्हा मंदिरात जागा शिल्लक नव्हती. पण घरात होती. भट्टीजवळ, उंबऱ्यावर, पाळण्यात. स्लाव मांजराचं सगळं महत्त्व या तीन जागांत आहे आणि ते कुठल्याही देवाच्या वाहनापेक्षा कमी नाही.

आधी भट्टी. रशियन खेड्यातल्या घराचं हृदय म्हणजे 'पेच', ती मोठी विटांची भट्टी, जिच्यावर माणसं झोपायचीसुद्धा. तिच्या मागे किंवा खाली घराचा राखणदार राहतो, 'दमवोय'. आपल्याकडे वास्तुपुरुष म्हणतो त्याच्याशी थोडा मिळताजुळता, पण खूप जास्त खोडकर आणि केसाळ. तो दिसला तर बरेचदा मांजराच्या रूपात दिसतो. मग घरातलं मांजर त्याच्याशी सलोख्याने वागणार हे उघडच. म्हणून नव्या घरात माणसांच्या आधी मांजर सोडायचं. ते जिथे जाऊन पसरेल ती जागा चांगली, तिथे पलंग ठेवायचा. आपण नव्या घरात दूध उतू घालतो, ते मांजर पुढे घालतात. ही चाल अजून जिवंत आहे. 2014 मध्ये रशियातल्या एका मोठ्या बँकेने गृहकर्ज घेणाऱ्यांना गृहप्रवेशापुरतं मांजर भाड्याने आणून देण्याची जाहिरात केली होती. दोनेक तास फिरवायचं आणि परत करायचं.

सगळीच मांजरं गोड नाहीत. धान्य वाळवायच्या कोठारात 'अवीन्निक' राहतो, मोठ्या काळ्या मांजरासारखा, डोळे निखाऱ्यासारखे. तो रागावला तर कोठार पेटतं. ओल्या पेंढ्या शेकोटीवर वाळवायची पद्धत होती आणि कोठारं खरोखरच वरचेवर जळायची. त्या भीतीला दिलेला हा चेहरा.

मग पाळणा. बाळाला नव्या पाळण्यात घालण्याआधी त्यात मांजर निजवायचं, म्हणजे मांजराची झोप पाळण्याला लागते. रशियन अंगाईत तर मांजराला रीतसर कामावर ठेवतात: ये रे बोकोबा, करड्या शेपटीच्या, रात्री मुक्कामाला ये, आमच्या बाळाला झोके दे, मजुरी म्हणून दुधाचा लोटा आणि पोळीचा तुकडा देईन. पोलंडमधली सर्वांत ओळखीची अंगाईही 'आ-आ-आ, कोत्की द्वा', म्हणजे दोन मांजरं, करडी करडी, काही काम करणार नाहीत, फक्त बाळाला रिझवतील.

आणि उंबरा. मांजर उंबऱ्याशी बसून तोंड पुसू लागलं की पाहुणे येणार. रशियनमध्ये म्हणतात, मांजर पाहुणे 'धुऊन आणतं'. हीच ती वर सांगितलेली गंमत. संस्कृतने अंग पुसणाऱ्या या जनावराला मार्जार म्हटलं, आणि तिकडे हजारो मैलांवर खेडूत बाया त्याच पुसण्याकडे पाहून चहाचं पाणी चढवतात. मांजर गुंडाळी करून झोपलं तर थंडी वाढणार, भिंतीवर नखं घासू लागलं तर हवा बिघडणार. यातलं थंडीचं निदान मी मॉस्कोत बऱ्याचदा खरं ठरताना पाहिलंय.

ख्रिस्ती धर्म आला तेव्हा मांजराची बाजू अवघड झाली नाही, उलट बरी झाली. लोकसमजुतीनुसार मांजर चर्चमध्ये गेलं तर चालतं, कुत्रं नाही. त्याला एक कथाही जोडली आहे. जलप्रलयात नोहाच्या तारवात सैतान उंदीर होऊन शिरला आणि तळ कुरतडू लागला. देवाच्या आज्ञेने एका क्रूर श्वापदाने शिंक दिली, त्याच्या नाकपुड्यांतून बोका आणि मांजरी बाहेर पडले आणि उंदराचा फडशा पाडला. जुन्या रशियन हस्तलिखितांत ही कथा येते. बघा, कथेतसुद्धा उंदीर आधीपासून आहे आणि मांजर मागून आलंय.

किंमतही मोठी होती. मध्ययुगीन रशियातल्या एका चर्च-कायद्याच्या संहितेत दुसऱ्याचं मांजर मारल्याचा दंड तीन ग्रिव्ना (तेव्हाचं चलन) दिला आहे, बैलाचाही तेवढाच. 1745 मध्ये महाराणी एलिझाबेथने कझानहून उंदीर पकडण्यात तरबेज अशी तीस मोठी मांजरं राजवाड्यात पाठवण्याचा हुकूमच काढला. हर्मिटाज संग्रहालयाच्या तळघरात आजही मांजरं पाळलेली आहेत.

काळ्या मांजराचं उत्तर: हो, आडवं जातं, पण एक फरक आहे. आपल्याकडे कुठलंही मांजर आडवं गेलं की माणूस थबकतो, तिकडे रंग पाहतात. काळं गेलं तर डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करायचं, किंवा कोटाचं बटण पकडून पुढे जायचं. काळ्या रंगाचा दोष सैतानाचा. समजूत अशी की वादळात संत इलिया विजा फेकून सैतानाला मारत असतो आणि तो पळून काळ्या मांजरात लपतो, म्हणून गडगडाट सुरू झाला की काळ्या मांजराला घराबाहेर काढायचे. काळं मांजर सैतानाला देऊन त्याच्या बदल्यात अदृश्य करणारी टोपी किंवा कधीही न संपणारं सोन्याचं नाणं मिळवता येतं, अशीही समजूत होती. म्हणजे ते अशुभ आहे आणि मौल्यवानही. आणि मांजर मारलं तर? रशियन म्हण सांगते, मांजर मारणाऱ्याला सात वर्षं कशातही यश नाही. आपल्याकडे सोन्याचं मांजर दान केल्याशिवाय ते पाप फिटत नाही. या बाबतीत आपलं प्रायश्चित्त जास्त खर्चिक.

कथांकडे येते, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त रस तिथे आहे. घरात झोप देणारं मांजर कथेत गेलं की झोपेचंच हत्यार होतं. 'कोत-बायून' हा प्रचंड बोका लोखंडी खांबावर बसतो आणि गोष्टी सांगतो. ऐकणाऱ्याला पेंग येते, झोप लागते, मग बोका त्याला संपवतो. 'बायून' हा शब्द 'बोलणं, गोष्ट सांगणं' या जुन्या क्रियापदावरून आला, आणि बाळाला जोजवण्याचं क्रियापदही त्याच घरातलं. अंगाई आणि मरण एकाच शब्दात. एका प्रसिद्ध कथेत त्याला धरायला गेलेला नायक डोक्यावर एकावर एक तीन लोखंडी टोप्या घालून जातो, म्हणजे बोका वरून झडप घालेल तेव्हा डोकं वाचावं, आणि तीन धातूंच्या काठ्यांनी त्याला नमवतो.

हाच बोका पुश्किनच्या हातात मवाळ झाला. 'रुस्लान आणि ल्युद्मिला' हे त्याचं काव्य 1820 चं, पण ज्यातल्या ओळी प्रत्येक रशियन मुलाला पाठ असतात ती प्रस्तावना त्याने 1828 च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडली. समुद्रकाठी हिरवा ओक, त्यावर सोन्याची साखळी, साखळीवर विद्वान बोका फिरतोय: उजवीकडे गेला की गाणं, डावीकडे गेला की गोष्ट. पुश्किनच्या वहीत या चित्राची लोककथेतली मूळ नोंद आहे, आणि तिथे बोका वर चढताना गोष्टी सांगतो, खाली उतरताना गाणी गातो. वरखालीचं डावंउजवं केलं पुश्किनने. का केलं यावर पानंच्या पानं लिहिता येतील. मला वाटतं, त्याला झाडाभोवती गोल फिरणारा, वेळ असलेला, येरझारा घालणारा कथेकरी हवा होता.

हे मराठीत आणताना माझी दरवेळी पंचाईत होते. रशियन कथेतलं मांजर बहुतेक नर असतं. मराठीत 'मांजर' नपुंसकलिंगी, 'ते' म्हटलं की त्याचा सगळा रुबाब गेला. 'बोका' म्हटलं की शिंकं आठवतं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, ही आपल्या बोक्याची ख्याती. 'विद्वान बोका' म्हटल्यावर वाचक हसतो, आणि पुश्किनला तिथे हसू नको आहे, निदान मोठ्याने नको. मी शेवटी 'बोका' ठेवला आणि 'विद्वान'च्या जागी 'बहुश्रुत' केलं. हसू थोडं कमी झालं, गेलं नाही.

जिथे हसू हवंच आहे ती कथा म्हणजे मांजर आणि कोल्हीण. 1855 ते 1863 या काळात अफानास्येव्हने रशियन लोककथांचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध केला त्यात ती आहे. मालकाने जंगलात सोडून दिलेला म्हातारा बोका कोल्हिणीला भेटतो आणि थाप मारतो: मी सैबेरियातून आलेला तुमचा नवा सुभेदार, नाव कोतोफेय इवानोविच. कोल्हीण लग्न करते, अस्वल बैल आणि लांडगा मेंढा असा नजराणा घेऊन येतात आणि घाबरून लपतात. बोका मांसावर तुटून पडतो आणि गुरगुरतो, 'माला, माला!' रशियनमध्ये 'माला' म्हणजे 'थोडं आहे, पुरत नाही'. म्याव आणि 'थोडं' यांच्यातला हा श्लेष. अस्वलाला वाटतं, चार जणांना पुरणारा बैल याला कमी पडतोय, मग आता आपला नंबर. इथे मराठी अनुवादकाला नशिबाने हात दिलाय: 'म्याव' लांबवलं की 'आणिक ल्याव' पर्यंत ओढता येतं. ग्रामीण बोलीत चालून जातं.

रशियन कथांतली चेटकीण बाबा यागा हिच्या झोपडीतलं मांजर मात्र मला जास्त खरं वाटतं. पळून जाऊ पाहणारी मुलगी त्याला मांसाचा तुकडा देते, ते तिला टॉवेल आणि कंगवा देतं. मागे टाकला की टॉवेलची नदी होते, कंगव्याचं घनदाट जंगल. चेटकीण मांजराला बडवते, तर ते म्हणतं, इतकी वर्षं तुझी चाकरी केली, तू कधी हाडूकही टाकलं नाहीस. मालकीण बदलण्याचं इतकं साधं कारण.

म्हणी पटकन सांगते, कारण मुलीला परीक्षेत लागतील. 'मांजर रडलं तेवढं' म्हणजे अगदी औषधापुरतं, हे रशियन आणि पोलिश दोन्हीकडे. 'मांजराची शेपूट ओढणं' म्हणजे उगाच गुऱ्हाळ लावणं. 'पोत्यातलं मांजर विकत घेणं' म्हणजे आपली पाण्यातली म्हैस आणि बाहेर मोल. चेक लोक त्याच पोत्यात ससा घालतात. 'कुणाचं मांस खाल्लं ते मांजराला ठाऊक', इथे सरळ 'खाई त्याला खवखवे' लिहावं. 'बोक्याची रोजच मास्लेनित्सा नसते': मास्लेनित्सा हा मोठ्या उपवासाआधीचा, धिरड्यांसारख्या ब्लिनी खाण्याचा आठवडा, म्हणजे रोजच दिवाळी नसते. पोलिशमधली 'मांजराला शेपटीकडून वळवणं' ही मला फार आवडते: मुद्दा फिरवून समोरच्यालाच दोषी ठरवणं. आणि स्लोव्हेनियात आदल्या रात्री जास्त झाली की सकाळी माणसाला 'बोका' होतो. चेकमधला हँगओव्हरचा शब्दही बोक्यावरूनच. ही देणगी दोघांनाही जर्मनांकडून मिळाली.

राहिलं नाव. वास्का हे रशियातलं सर्वांत जुनं, घरगुती नाव, वासिलीचं लाडकं रूप. क्रिलोव्हच्या 1812 च्या नीतिकथेत आचारी चोरट्या बोक्याला लांबलचक व्याख्यान देतो, 'आणि वास्का ऐकतो आणि खात राहतो'. ती ओळ आता म्हणच झाली आहे. घरात किशोरवयीन मुलगी असेल तर ती रोज उपयोगी पडेल. मांजरी असेल तर मुर्का, गुरगुरण्याच्या आवाजावरून. पोलिश हवं असेल तर म्रूचेक, तेही गुरगुरण्यावरूनच, पण बोक्यासाठी. पट्टेदार असेल तर चेक मोउरेक. बार्सिक हे नाव हिमबिबट्यावरून आलं, ते जरा अंगापिंडाने भरलेल्या मांजराला शोभतं. काळं असेल तर नाव काहीही ठेवा, पण वादळात घराबाहेर काढू नका. आणि हाक मारताना 'किस-किस' करून पाहा. नाही आलं तर माशाचं डोकं.